छाननी-समित्या : इंग्लंडच्या नगरसंस्थांतील एक प्रयोग



घरांतला खर्च जो करतो त्यानेंच महिनाअखेर हिशेब तपासावा, ही पद्धत कुटुंबांत चालून जाते. कारण तेथें पैसा आपलाच असतो आणि चुकलें तर उपवासहि आपल्यालाच घडतो. नगरपालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा पैसा मात्र दुसऱ्याचा असतो. म्हणून तेथें खर्च करणारा एक व त्याकडे पाहणारा दुसरा असावा, हें आपल्या पूर्वजांनाहि कळलेलें होतें. शिवकालीं किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे सारख्या दर्जाचे तीन अधिकारी नेमीत, तें एकाच्या हातीं सर्व सत्ता जाऊं नये याच हेतूनें. पुढें पेशवाईंत मामलेदाराजवळ फडणीस, मुजुमदार इत्यादि दरखदार असत. मामलेदार त्यांचा वरिष्ठ खरा, परंतु त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नसे. ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच हातीं पाहणाऱ्याची भाकरी नसावी, एवढें शहाणपण त्या व्यवस्थेंत होतें. आज ज्या समित्यांविषयीं मी बोलणार आहें, त्यांचें यशापयश पुष्कळ अंशीं येथेंच येऊन अडतें.

इंग्लंडांतील नगरसंस्थांचा कारभार २००० सालापर्यंत समित्यांच्या पद्धतीनें चाले. शिक्षणाची समिती, घरांची समिती, रस्त्यांची समिती असे विभाग असत. प्रत्येक सभासद कोठल्या ना कोठल्या समितींत बसे आणि निर्णय समितीचा म्हणून होई. या पद्धतींत सर्वांना काम मिळे. पण अमुक निर्णय कोणी घेतला असें विचारलें असतां बोट दाखवावयास माणूस सांपडत नसे. शिवाय खरा निर्णय बहुमतवाल्या पक्षाच्या खाजगी बैठकींत आधींच होऊन जातो, अशी जुनी तक्रार होती. टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारनें २००० सालीं स्थानिक राज्यकारभाराचा नवा कायदा केला आणि ही घडी मोडली. कारभार एका लहान कार्यकारी मंडळाच्या हातीं दिला. मंडळाचा प्रमुख म्हणजे कौन्सिलचा नेता किंवा मतदारांनीं थेट निवडलेला मेयर. आणि प्रमुखासह मंडळांत दहापेक्षां अधिक माणसें नसावींत असा दंडक घातला. पार्लमेंटांतील मंत्रिमंडळाचीच ही धाकटी आवृत्ति होय. ८५,००० हून कमी वस्तीच्या लहान जिल्ह्यांना यांतून थोडी सवलत होती, आणि पुढें २०११ च्या कायद्यानें ज्यांना हवें त्यांना समित्यांच्या जुन्या पद्धतीकडे परत जाण्याची मुभा मिळाली. परंतु बहुतेक मोठ्या संस्थांनीं मंडळाची पद्धतच ठेवली.

आतां प्रश्न असा उरला कीं, पन्नास-साठ सभासदांच्या कौन्सिलांत दहाजण कारभारी झाले, तर बाकीच्यांनीं करावयाचें काय? त्याचें उत्तर म्हणून छाननी-समिती जन्मास आली. तिची जन्मकथा जरा विचार करावयास लावणारी आहे. पार्लमेंटची सरकारी हिशेब-समिती १८६१ सालीं ग्लॅडस्टन यांच्या खटपटीनें स्थापन झाली, ती हिशेब पाहण्याची निकड होती म्हणून. छाननी-समिती मात्र, निदान अंशतः, रिकाम्या हातांना काम हवें होतें म्हणून निर्माण झाली. ज्यांना मंडळांत जागा मिळाली नाहीं त्यांची समजूत घालण्याचें ठिकाण, असा तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन पुष्कळ कौन्सिलांत पहिल्यापासून राहिला आणि तो अजून पुरता गेलेला नाहीं.

कायद्यानें तिला दिलेले अधिकार कांहीं अगदींच पोकळ नाहींत. कार्यकारी मंडळाचा कोणीहि सभासद या समितींत बसूं शकत नाहीं. समितींतील पक्षांचें प्रमाण कौन्सिलांतील प्रमाणाला धरून ठेवावें लागतें. मंडळाच्या सभासदाला किंवा कौन्सिलच्या अधिकाऱ्याला समोर बोलावून प्रश्न विचारतां येतात आणि त्यांना हजर राहणें भाग असतें. शिक्षणाचा विषय असल्यास चर्चचे व पालकांचे प्रतिनिधि मताच्या हक्कासह तेथें बसतात. समितीनें केलेल्या शिफारशीला दोन महिन्यांच्या आंत उत्तर द्यावें, असें २००७ च्या कायद्यानें मंडळावर बंधन घातलें.

परंतु तिच्या हातांतील खरें हत्यार म्हणजे झालेला निर्णय परत बोलावण्याचा अधिकार. समजा, एखाद्या मंडळानें गांवचें वाचनालय बंद करण्याचें ठरविलें. निर्णय प्रसिद्ध झाल्यावर कांहीं ठराविक दिवस, पुष्कळ ठिकाणीं कामाचे पांच दिवस, त्याची अंमलबजावणी थांबते. तेवढ्या अवधींत त्या कौन्सिलच्या नियमांत सांगितल्याइतक्या सभासदांनीं मागणी केली, कीं तो निर्णय समितीपुढें येतो. मंडळाच्या सभासदाला समोर बसून त्याचीं कारणें सांगावीं लागतात. समितीला निर्णय रद्द करतां येत नाहीं. ती फेरविचारासाठीं तो परत पाठवूं शकते, किंवा सबंध कौन्सिलपुढें चर्चेला ठेवूं शकते. फेरविचार करून मंडळानें पुन्हां तेंच ठरविलें तर समितीचा इलाज संपला.

पुष्कळांना हें दांत नसलेलें तोंड वाटतें. मला तसें वाटत नाहीं. निर्णय फिरविण्याचा अधिकार दिला कीं समिती स्वतःच कारभारी बनते, आणि मग तिच्यावर नजर कोणी ठेवावी हा प्रश्न पुन्हां उभा राहतो. पाहणाऱ्याचें बळ पाहण्यांत असतें. मात्र त्याला पाहूं दिलें पाहिजे, आणि त्याला पाहतांहि आलें पाहिजे. या दोन अटी किती अवघड आहेत, तें दोन रुग्णालयांच्या हकीकतींवरून समजेल.

स्टॅफर्ड हें इंग्लंडच्या मध्यभागांतील एक गांव. तेथील रुग्णालय मिड स्टॅफर्डशर नांवाच्या न्यासाकडे होतें. २००५ ते २००९ या काळांत तेथें कित्येक रुग्णांची, विशेषतः वृद्धांची, जी आबाळ झाली तिचें वर्णन ऐकवत नाहीं. पाणी हाताला पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवलेलें. रुग्ण स्वतःच्या मलमूत्रांत तासन् तास पडलेले. घंटा वाजवावी तर परिचारिका येईना, कारण परिचारिकाच अपुऱ्या. २००६-०७ सालीं न्यासानें एक कोटी पौंड वांचविण्याचें ठरविलें होतें आणि त्यापायीं माणसें कमी केलीं होतीं. आतां आरोग्यसेवेची छाननी करण्याचा अधिकार कौन्सिलांच्या समित्यांना २००३ पासून मिळालेला होता. स्टॅफर्डशर परगण्याची एक समिती होती, स्टॅफर्ड गांवची दुसरी होती. बैठका होत होत्या, कामकाजाचीं टिपणें लिहिलीं जात होतीं. तरीहि आंत काय चाललें आहे याचा सुगावा दोघींपैकीं एकीलाहि लागला नाहीं. त्याला वाचा फोडली ती मृतांच्या नातेवाइकांनीं. आईच्या मृत्यूनंतर एका मुलीनें २००७ सालीं चळवळ उभी केली, तिला इतर कुटुंबें येऊन मिळालीं, आणि मग सरकारी यंत्रणा हालली.

रॉबर्ट फ्रान्सिस यांनीं केलेल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांत २९० शिफारशी आहेत. छाननी-समित्यांविषयींचा त्यांतला भाग वाचून मन खिन्न होतें. सभासद अप्रामाणिक होते असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. रुग्णालयाकडून जें सांगण्यांत आलें त्यावर समित्या विसंबून राहिल्या. लोकांच्या मनांत काय सलतें आहे तें आपण होऊन शोधण्याचा प्रयत्न त्यांनीं केला नाहीं. धोक्याच्या ज्या खुणा दिसत होत्या त्यांचा अर्थ त्यांना उमगला नाहीं. असा त्याचा मथितार्थ. समित्यांना जाणकारांचें साहाय्य मिळावें आणि रुग्णालयांत स्वतः जाऊन पाहणी करण्याचा अधिकार असावा, अशा शिफारशी फ्रान्सिस यांनीं केल्या. माझी स्वतःची एक भर अशी कीं, दोन समित्या एकाच गोष्टीकडे पाहूं लागल्या म्हणजे प्रत्येकीला वाटतें, दुसरी पाहत असेल. आणि केवळ पाहणीनेंहि सर्व साधेल असें समजूं नये. तपासणीच्या दिवशीं शाळा जशी दिसते तशी ती रोज नसते, हें ज्याचा जन्म खडू-फळ्यांत गेला त्याला कोणी सांगावें लागत नाहीं.

दुसरी हकीकत लीड्सची. लहान मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रिया थोड्या व मोठ्या केंद्रांत कराव्यात, म्हणजे शस्त्रवैद्यांचा हात चालता राहतो, हा विचार इंग्लंडांत बरीच वर्षें चालू होता आणि तो चुकीचाहि नव्हता. ब्रिस्टलच्या रुग्णालयांत बालके दगावल्याच्या चौकशींतून, म्हणजे २००१ पासून, त्याला जोर आला होता. जुलै २०१२ मध्यें आरोग्यसंस्थांच्या संयुक्त समितीनें इंग्लंडांत अशीं सातच केंद्रें ठेवण्याचा निर्णय केला. लीड्स, लेस्टर व लंडनचें रॉयल ब्रॉम्प्टन येथील शस्त्रक्रिया त्यामुळें बंद होणार होत्या. यॉर्कशर व हंबर प्रांतांतील कौन्सिलांची एक संयुक्त छाननी-समिती होती. तिनें कागदपत्र मागितले, साक्षी घेतल्या, आणि समाधान होईना तेव्हां कायद्यानें दिलेला अधिकार वापरून प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे नेलें. लिंकनशरच्या समितीनेंहि तसेंच केलें.

मध्यंतरीं लीड्सच्या बाजूनें लोक न्यायालयांत गेले होते. मार्च २०१३ मध्यें न्यायालयानें निकाल दिला कीं, लोकांचें मत घेण्याची रीत न्याय्य नव्हती. कां? तर सर इअन केनेडी यांच्या तज्ज्ञमंडळानें प्रत्येक केंद्राला गुण दिले होते. त्यांची बेरीज तेवढी दाखविली, पोटगुण दाखविले नाहींत. नापास झालेल्या मुलाला एकूण गुण सांगावे आणि कोणत्या विषयांत किती पडले तें मात्र झांकून ठेवावें, तसला हा प्रकार. आमच्या गांवीं पालक शाळेवर मोर्चा घेऊन आले असते. मंत्र्यांनीं नेमलेल्या स्वतंत्र मंडळानें नंतर सर्व प्रकरण तपासलें, आणि १२ जून २०१३ रोजीं मंत्री जेरेमी हंट यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं मूळ निर्णय सदोष विवेचनावर उभारलेला आहे. त्याची अंमलबजावणी थांबविण्यांत येत आहे. लीड्स येथें मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया आजहि चालू आहेत.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. त्याच मार्चअखेर लीड्सच्या केंद्रांतील मृत्युसंख्येविषयीं शंका निघून तेथील शस्त्रक्रिया कांहीं दिवस थांबविण्यांत आल्या होत्या. खुलासा झाल्यावर एप्रिलांत त्या पुन्हां सुरू झाल्या. तेव्हां लीड्सचें रुग्णालय सर्वांत उत्तम आहे, असें छाननी-समितीनें सिद्ध केलें, असा अर्थ कोणी काढूं नये. ज्या रीतीनें निर्णय झाला ती रीत नीट नव्हती, एवढेंच तिनें दाखविलें. आणि तिचें काम तेवढेंच होतें.

एकाच वर्षीं, चार महिन्यांच्या अंतरानें, एकाच कायद्याखालच्या समित्यांचीं हीं दोन चित्रें पुढें आलीं. फरक कशांत होता? लीड्सपुढें एक ठरलेला निर्णय होता, त्याची तारीख होती, कागद होते, आणि लोक जागे होते. स्टॅफर्डमध्यें निर्णय असा कोणी घेतलाच नव्हता; रोज थोडें थोडें बिघडत गेलें. समोर ठेवलेल्या कागदाची छाननी करणें तुलनेनें सोपें. जो कागद कोणी लिहिलाच नाहीं त्याची छाननी कशी करावी, ही खरी अडचण आहे, आणि समित्यांच्या अपयशाच्या बहुतेक कहाण्या या दुसऱ्या जातीच्या आहेत. त्यांतच आणखी एक बदल असा कीं, ज्या अधिकारानें लीड्सचें प्रकरण मंत्र्यांकडे गेलें तो समित्यांचा खास अधिकार ३१ जानेवारी २०२४ पासून राहिला नाहीं. आतां मंत्र्यांनीं लक्ष घालावें अशी विनंति त्यांना इतरांप्रमाणेंच करतां येते.

रॉदरहॅमचें प्रकरण याहून भयंकर आहे. १९९७ ते २०१३ या काळांत त्या गांवीं निदान १४०० मुलामुलींचें लैंगिक शोषण झालें असावें, असा अंदाज प्राध्यापिका ॲलेक्सिस जे यांनीं ऑगस्ट २०१४ च्या अहवालांत केला. त्यानंतर लुईझ केसी यांनीं कौन्सिलच्या कारभाराची तपासणी केली व फेब्रुवारी २०१५ मध्यें आपला निष्कर्ष सांगितला. वरवर पाहतां तेथें छाननीची व्यवस्था होती. प्रश्न विचारण्याची व उत्तरानें समाधान न झाल्यास पुन्हां विचारण्याची संवय मात्र उरली नव्हती. कौन्सिलांत एकाच पक्षाचें प्रचंड बहुमत होतें. आपल्याच नेत्याला चारचौघांत अडचणींत आणणारा सभासद पुढच्या निवडणुकीच्या उमेदवारीचा विचार करतो, हें सांगावयास इंग्लंडला जाण्याचीहि गरज नाहीं. अहवाल आल्यावर कार्यकारी मंडळानें राजीनामा दिला आणि सरकारनें कारभार पाहण्यास आयुक्त पाठविले.

पैशाच्या बाबतींत टेम्स नदीकांठच्या थरक या पावणेदोन लाख वस्तीच्या गांवाचें उदाहरण घ्या. तेथील कौन्सिलनें इतर कौन्सिलांकडून थोड्या मुदतीचीं कर्जें काढून तो पैसा सौरऊर्जेच्या व इतर धंद्यांत गुंतविला. कर्जाचा आंकडा एक अब्ज पौंडांच्या वर गेला. गुंतवणुकीचे निर्णय अधिकाऱ्यावर सोंपविलेले, आणि तपशील मागावा तर व्यापारी गुपित म्हणून झांकलेला. डिसेंबर २०२२ मध्यें जमाखर्चाचा मेळ बसत नसल्याची कायदेशीर नोटीस त्या कौन्सिलला काढावी लागली. कौन्सिलें स्वतः धंदा करूं लागलीं किंवा आपलीं कामें कंपन्यांना मक्त्यानें देऊं लागलीं, तेव्हांपासून ‘व्यापारी गुपित’ हा शब्द छाननीच्या दारावरील कुलूप होऊन बसला आहे.

पार्लमेंटच्या एका समितीनें, क्लाइव्ह बेट्स यांच्या अध्यक्षतेखालीं, या सर्व व्यवस्थेची पाहणी केली व डिसेंबर २०१७ मध्यें अहवाल दिला. तिचें मुख्य म्हणणें असें कीं, छाननी-समितीनें आपला अहवाल कार्यकारी मंडळाला न देतां सबंध कौन्सिलला द्यावा, आणि समितीच्या मदतीला जे अधिकारी असतात ते निर्भयपणें सल्ला देऊं शकतील अशी सोय असावी. येथें आपले दरखदार आठवतात. छाननीचा अधिकारी ज्या मुख्याधिकाऱ्याच्या कारभाराचीं व्यंगें समितीला दाखवावयाचा, त्याच मुख्याधिकाऱ्याच्या हाताखालीं तो नोकरी करतो. शिवाय काटकसर करावयाची वेळ आली कीं पहिली कुऱ्हाड अशाच खात्यावर पडते, कारण तें बंद झालें म्हणून रस्त्यावर कोणी ओरडत नाहीं.

दुसरा वादाचा मुद्दा अध्यक्षाचा. पार्लमेंटच्या हिशेब-समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा असा तेथें संकेत आहे. आपल्या लोकसभेनें १९६७ पासून तोच पाळला आहे. इंग्लंडच्या नगरसंस्थांना मात्र तसें बंधन नाहीं, आणि पुष्कळ ठिकाणीं सत्ताधारी पक्षाचाच माणूस छाननी-समितीचा अध्यक्ष असतो. पार्लमेंटच्या समितीनें गुप्त मतदानानें अध्यक्ष निवडण्याचा विचार पुढें मांडला. सरकारनें २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा उल्लेख केला, सक्ति केली नाहीं. अनेक कौन्सिलें मिळून जीं नवीं संयुक्त प्राधिकरणें स्थापन झालीं आहेत आणि ज्यांना निवडून आलेला मेयर आहे, तेथें छाननी-समितीचा अध्यक्ष मेयरच्या पक्षाचा असूं नये असा नियम आहे. पण तेथेंच गणसंख्या दोनतृतीयांश ठेवली, त्यामुळें कित्येकदां बैठकच भरेना! चांगल्या नियमाच्या शेजारीं एक अव्यवहारी नियम बसविण्याची हौस कायदे करणारांना सर्वत्र सारखीच दिसते.

आपल्याकडे या नांवाची समिती नगरसंस्थांत नाहीं. १८८८ च्या मुंबईच्या कायद्यानें अंमलबजावणी कमिशनरकडे दिली आणि त्याच्यावर स्थायी समितीचा दाब ठेवला; फिरोजशहा मेथा यांचा त्या रचनेंत मोठा वांटा होता. परंतु मोठ्या कंत्राटांना मंजुरी देणारी तीच समिती आणि हिशेब-तपासनिसाचा अहवाल ऐकणारीहि तीच. ज्या हातानें सही केली त्याच हातानें त्या सहीवर टीका लिहावयाची, हें मनुष्यस्वभावाला अवघड जातें. जिल्हा परिषदांच्या बाबतींत विधिमंडळाची पंचायती राज समिती आहे. आमदार जिल्ह्यांत येतात, अधिकाऱ्यांच्या साक्षी घेतात, शाळा व दवाखाने पाहतात. ही बाहेरची नजर असल्यामुळें तिचा धाक आहे खरा. पण तिच्यापुढें येणारे लेखापरीक्षणाचे अहवाल बहुधा कांहीं वर्षांमागचे असतात. ज्याच्याविषयीं प्रश्न विचारावयाचा तो अधिकारी तोंवर बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो. समितीच्या दौऱ्याच्या वेळीं जिल्ह्यांत जी धांवपळ उडते आणि पाहुणचाराची जी चर्चा होते, ती आपण सर्वजण ऐकतोंच.

इंग्लंडांत छाननी-समितीच्या बैठकीला कोणाहि नागरिकाला जाऊन बसतां येतें, आणि तिचे कागद पांच दिवस आधीं पाहावयास मिळतात. गुप्त ठरविलेला भाग तेवढा वगळतात. आपल्याकडे ही सोय इतकी सरळ नाहीं. मात्र आपल्या नगरपालिकेच्या लेखापरीक्षणाचा अहवाल २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कोणालाहि मागतां येतो. महाराष्ट्रांत अर्जाला दहा रुपये पडतात. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आंत असावा लागतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें असें कचेरीवर बंधन आहे. अहवाल हातीं आल्यावर प्रथम त्यांतील जुने, अनेक वर्षें निकालांत न निघालेले आक्षेप वाचावे. नवे आक्षेप बहुधा त्यांचीच पुनरावृत्ति असतात.